तुरबत गल्लीच म्हणायचं

"उतर खाली! उतर म्हणते न्हवं मुडद्या, न्हायतर शिडीसकट चुलीत सारीन तुला आणि त्या जाळावर म्हशीचं आंबोण शिजवीन!"

हा आवाज आमच्या गल्लीतल्या म्हशीवाल्या मावशीचा. मंगळवार पेठेत मावशी ओरडली की तिकडं रंकाळ्यावरची बदकं पाण्याखाली जायची. राधानगरी धरणाचे दरवाजे पावसानं उघडतात असं सरकार म्हणतं. आमच्या गल्लीत त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. मावशी शिंकली की उघडतात, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

शिडीवर होता आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. खाली शिडी धरून मी. गल्लीच्या तोंडाला भिंतीवर पत्र्याचा पिवळा बोर्ड होता आणि त्यावर काळ्या अक्षरांत 'तुरबत गल्ली'. अध्यक्षानं 'तुर' पांढऱ्या रंगात बुडवला होता, त्यामुळं आमचा पत्ता त्या क्षणी 'बत गल्ली' असा झाला होता. पुढं तिथं 'नवयुग मार्ग' असं येणार होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, आणि नवं युग आमच्या गल्लीत शिरायला एका शिडीचंच अंतर उरलं होतं.

"मावशी, मंडळाचा ठराव झालाय," अध्यक्ष वरनं म्हणाला.

"तुझ्या ठरावाला लावला सुतळी बॉम्ब! खाली ये."

"अवो, पोरांची लग्नं जमंनात. पावणं इचारत्यात, कुठं ऱ्हाता? तुरबतीपाशी म्हटलं की चहा अर्धा टाकून उठत्यात."

"तुझं थोबाड बघून उठत्यात!"

"आणि आपल्या गल्लीला त्यांचं नाव कशाला म्हंतो मी?"

"त्यांचं म्हंजी कुणाचं रं? तुला बारशाआधी पहिल्यांदा घराभाईर काढला तवा तुझ्या आईनं कुणाच्या पायावर घातलाता? जा, घरात इचारून ये. तवर मी शिडी धरते."

मावशीनं शिडी धरली. म्हणजे मी सोडली. मावशीच्या हाताला आपला हात लागणं बरं नव्हतं.

आता अध्यक्षाला घटकाभर वरच राहू दे. त्याला वरून गल्ली छान दिसते. तोवर तुरबतीचं सांगतो.

तुरबत म्हणजे थडगं. बोर्डाच्या खालीच, कडुलिंबाच्या बुंध्याशी, हातभर उंचीच्या कट्ट्यावर ते होतं. आत कोण झोपलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या अंगाच्या घरांत तो महाराजांचा गोलंदाज होता, ज्यानं पन्हाळ्यावरून एक गोळा मारला आणि तो विजापुरात पडला. खालच्या अंगाला तो पैलवान होता, वाघाला धोबीपछाड घालून मेला, म्हणजे वाघ मेला आणि मग हसून हसून हा. आमच्या घरात तो अत्तरवाला होता. माझी आजी सांगायची, मरताना त्याच्या खिशात बाटली फुटली म्हणून आपल्या गल्लीत म्हशींच्या शेणाचासुद्धा वास येत नाही. वास येत होता. पण आजीसमोर नाक धरायची कुणाची हिंमत नव्हती.

तुरबतीवर चादर, म्हणजे आमच्याकडं म्हणतात तसा गलेफ, घालायचा समोरच्या गादीवाल्या चाचाचा मान. आणि गल्लीत कुणाचीही म्हैस व्याली की पहिल्या चिकाची धार त्या दगडावर सोडायची, हा म्हशीवाल्यांचा नेम. यात कधी कुणाला काही विशेष वाटलं नव्हतं. नळाला पाणी येतं, तुरबतीवर चीक पडतो. संपलं.

मावशी याच थडग्यासाठी शिडी हलवत होती असं वाटत असेल, तर चूक. मावशीला त्या आतल्या माणसाशी देणंघेणं नव्हतं. तिला नाव हवं होतं. बोर्डावरचं, लोकांच्या तोंडातलं. कारण तिचा पोरगा गेला होता आणि त्याला परत यायचं तर नाव लागणार होतं.

पोरगा माझ्या वर्गातला. बाप लहानपणीच वारलेला, घरात आई, तो आणि म्हशी. डाव्या खांद्यात थोडा खाली झुकून चालायचा, कारण लहानपणापासून दुधाची कॅन त्याच खांद्याला. बोलायला कमी. पण म्हशींना असं शिकवायचा की त्या आमच्यापेक्षा शहाण्या वाटायच्या, आणि वाटायच्या कशाला, होत्याच.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी मन घट्ट करून ऐकावं. म्हशीला न्हाऊ घालायचं, अंगावरचे केस भादरून त्यात नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या, कपाळाला मोरपीस. मग मालकानं मोटरसायकलचा सायलेन्सर काढायचा आणि गाडी फाडफाड वाजवत सुटायचं. त्या आवाजामागं म्हैस पळते. वर्षभर तिला तेच शिकवलेलं असतं: हा आवाज आला की पळायचं, गाडी थांबली की पुढचे दोन पाय सीटवर टेकून सलामी द्यायची. पोरगा यात बादशहा होता. त्याची म्हैस गाडी थांबायच्या आधीच पाय उचलायची.

शिडीच्या काही वर्षं आधी, एका पाडव्याला त्यानं मावशीची सगळ्यांत लाडकी म्हैस पळवली. ती गाभण होती. मावशीनं सकाळीच बजावलं होतं, "ती न्हाय काढायची. दुसरी कुठलीबी ने." पण सगळी पेठ रस्त्याला उभी, आणि दुसऱ्या कुठल्या म्हशीनं सलामी दिली असती? पंचगंगेच्या रस्त्याला कुणीतरी तेल सांडलं होतं. म्हशीचा मागचा पाय घसरला, आणि मोडला तो आवाज मला सायलेन्सर काढलेल्या गाडीच्या फाडफाडीतही ऐकू आला. इथं मी काही वाढवून सांगत नाही. म्हैस उठली नाही. संध्याकाळपर्यंत ती आणि तिच्या पोटातलं, दोन्ही गेली.

मावशीनं पोराला दंडाला धरून गल्लीत आणला. तुरबतीच्या कडुलिंबाला बांधला. मेलेल्या म्हशीच्याच दाव्यानं बांधला आणि त्याच दाव्याच्या उरलेल्या टोकानं मारायला लागली. नव्या सदऱ्यात होता. सदऱ्याच्या चिंध्या झाल्या, मग पाठीच्या. आधी लोक म्हणाले, मारू दे, आई हाय. मग म्हणाले, मावशी, बास की. मग कुणीच काही म्हणेना. दावं ओलं होऊन जड झालं होतं. चाचा गाद्या झोडपायची काठी आडवी धरून मधे घुसला, त्याच्या गालावर एक वळ उठला तो कायमचाच. "तुझं मधी काय काम हाय?" मावशी ओरडली. "बीबी, मर जाएगा," चाचा म्हणाला. "मरू दे! ती मेली न्हवं!"

पोरगा ओरडला नाही. एकदासुद्धा आई म्हणाला नाही. मला वाटतं, ओरडला असता तर मावशीचा हात थांबला असता. तो झाडाकडं तोंड करून उभा राहिला. मावशी शेवटी दमून पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात चाचानं गाठ सोडली. पोरानं गल्लीच्या नळावर तोंड धुतलं, चिंध्या सारख्या केल्या आणि चालत गेला. आम्हाला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाईल. मावशीनं हळद-तेल कालवून ठेवलं होतं.

ते हळद-तेल आठवडाभर वाटीत तसंच होतं.

त्यानंतर मावशीनं इचलकरंजीचे माग पालथे घातले, गारगोटीच्या बाजारात दोन दिवस बसली, मिरजेच्या स्टेशनावर एका हवालदाराची कॉलर धरली. पोरगा नाही. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यानं बातमी आणली. एसटी स्टँडवर म्हणे एक बापया, असाच, खांदा झुकलेला, रिक्षावाल्याला विचारत होता, तुरबत गल्लीला येणार काय? रिक्षावाला बाहेरचा. म्हणाला, असली गल्ली न्हाय कोल्हापुरात. आणि तो बापया तसाच परत गाडीत बसला.

आता पानपट्टीवाला म्हणजे कोण? रंकाळ्यात मगर पाहिलेला माणूस. पण मावशीनं ती बातमी पदराच्या गाठीत बांधावी तशी बांधली. पोरगा येऊन गेला. नाव सापडलं नाही म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी ती स्टँडवर गेली आणि रांगेतल्या पहिल्या रिक्षावाल्याची गचांडी धरली.

"तुरबत गल्ली ठावं हाय?"

"न्हाय वो मावशी."

खाडकन एक.

"आता?"

"हाय, हाय!"

"कुठं हाय?"

बिचाऱ्याला ते सांगता येईना, म्हणून आणखी एक. असं करत तिनं अख्खा स्टँड शिकवला. पुढं कोल्हापुरात नवा रिक्षावाला आला की जुने त्याला आधी तुरबत गल्ली दाखवून आणायचे, मग परमिटाचं बघायचे. असं म्हणतात. म्हणतो मीच, पण खोटं नाही.

तर अशी ती मावशी आणि ती शिडी. अध्यक्ष फार वेळ वर राहिलाय, त्याला आता उतरवू.

मावशीनं शिडी बाजरीचं कणीस झाडावं तशी झाडली. अध्यक्ष माझ्यावर आला, डबा अध्यक्षावर. आम्ही दोघं पांढरे. मावशीच्या हातात धारेची पितळी चरवी होती. ती तिनं अध्यक्षाच्या कानावर वाजवली, तो नाद देवीच्या देवळातल्या घंटेसारखा गल्लीभर घुमला, आणि तालमीतली पोरं धावली. त्यांच्या हातात जे होतं ते घेऊन धावली, म्हणजे लेझमी. लेझमीनं मार खाल्लाय कधी? मार लागतो तो लागतोच, वर ताल धरतो. एक मावशीच्या पाठीत बसली. मावशीनं मारणाऱ्याला वर उचलून चाचाच्या कापसाच्या ढिगात फेकला. चाचानं त्याला काठीनं झोडपला, सवयीनं, गादी समजून. मला कुणी मारलं ते कळलं नाही. दाताचा तुकडा थुंकला तेव्हा कळलं की कुणीतरी मारलंय. वरच्या अंगाचे खालच्या अंगाच्यांवर गेले, कारण जुनी खुन्नस होती आणि इतकी चांगली वेळ पुन्हा कधी आली असती? दगड आले. कौलं आली. एका भिंतीवर रक्ताचा पंजा उमटला, तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत होता.

अध्यक्षाच्या कानातून रक्त येत होतं. त्यानं बघितलं की मावशी पुन्हा आपल्याकडंच येतेय. तो उठला, त्याच्या मोटरसायकलपाशी पळाला, टांग टाकली आणि किक मारली.

त्याला काय सुचलं, देव जाणे. दिवाळी नुकतीच झाली होती. गाडीचा सायलेन्सर अजून काढलेलाच होता.

फाड. फाड. फाडफाडफाड.

गोठ्यात मावशीच्या म्हशी रवंथ करत होत्या. त्यांनी कान टवकारले. त्यांना शिकवणारा पोरगा कुठं होता देव जाणे, पण त्यानं शिकवलेलं त्या विसरल्या नव्हत्या. हा आवाज आला की पळायचं. खुंटं उपटली, गोठ्याचं दार चौकटीसकट आलं, आणि सगळ्या म्हशी अध्यक्षामागं सुटल्या. मारामारी जागच्या जागी थांबली. हातात दगड असलेले भिंतीला चिकटले. अध्यक्षानं मागं बघितलं आणि पळून जाणाऱ्या कुठल्याही माणसानं करावं तेच केलं: गाडीची मूठ जोरात पिरगळली. आवाज वाढला. म्हशींना वाटलं, मालक शाबासकी देतोय. त्याही वाढल्या.

तुरबतीपाशी, सांडलेल्या पांढऱ्या रंगावरून गाडी घसरली. अध्यक्ष कट्ट्यावर आपटला, गाडी त्याच्या अंगावर आडवी. गाडी थांबली. आता गाडी थांबली की काय करायचं हे म्हशींना माहीत होतं.

पहिल्या म्हशीनं पुढचे दोन पाय उचलले.

मी ते पाय वर गेलेले पाहिले. कोल्हापुरातली सगळ्यांत देखणी सलामी होती ती. एक खूर अध्यक्षाच्या खांद्यावर आला आणि त्याच्या गळ्याचं हाड वाळल्या काटकीसारखं वाजलं. दुसरा खूर त्याच्या तोंडावरच येणार होता. मधे मावशी पडली. तिनं म्हशीचं दावं पकडलं, मनगटाला आणि अंगठ्याला वेढा मारला आणि मागं ओढलं. म्हैस तिकडं, मावशी इकडं. उजव्या हाताचा अंगठा मुळातून फिरला आणि नखाची बाजू आत गेली. म्हैस उतरली. अध्यक्ष जिवंत राहिला. मावशीनं अंगठ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बोर्ड," ती म्हणाली. "पुन्यांदा लिव."

अध्यक्षाला लिहिता येण्यासारखं नव्हतं. चाचानं गादीच्या सुतळीला डांबर लावून 'तुर' काढला. वाकडा, बाकीच्या अक्षरांपेक्षा दुप्पट. फौजदार आला तेव्हा त्यानं अध्यक्षाला स्ट्रेचरवरच विचारलं, "कुणी मारलं?" अध्यक्ष म्हणाला, "पडलो." मावशीला विचारलं. ती म्हणाली, "म्हस बुजली." फौजदारानं भिंतीवरचा रक्ताचा पंजा बघितला, माझा दात बघितला, लेझमी बघितल्या. "सगळ्यास्नी म्हसच चावली व्हय?" म्हणाला आणि निघून गेला.

अंगठा तसाच वाकडा जुळला. आता, धार काढायला लागतो तो अंगठाच. सड धरून अंगठा दुमडायचा आणि बोटांनी पिळायचं. मावशीचा अंगठा दुमडेना. डाव्या हातानं ती शिकली, पण म्हशी दूध आखडायला लागल्या; म्हशीला कुठला हात ते कळतं. हळूहळू म्हशी गेल्या, एकच राहिली. दोन हजारच्या पुढं गोठ्याच्या जागी अपार्टमेंट उभं राहिलं. मावशीला तळमजल्यावर एक खोली मिळाली आणि मागं म्हशीपुरता पत्रा. बिल्डिंगचं नाव इंग्रजीत होतं. कुरिअरचा पोरगा ते नाव घेत आला की मावशी त्याच्या मांडीवर लाकडी मोगरी घालायची. "तुरबत गल्ली म्हण. म्हण आधी. मग पार्सल दे." तो म्हणायचा. अध्यक्षसुद्धा म्हणायचा. पावसाळी हवेत त्याचं हाड ठणकायचं, पण स्वतःच्या लग्नपत्रिकेवर त्यानं तुरबत गल्लीच छापलं, आणि पाव्हण्यांनी चहा पूर्ण प्यायला.

मग बऱ्याच वर्षांनी, एका दिवशी सकाळची वेळ होती. मी दुधासाठी भांडं घेऊन पत्र्यापाशी उभा होतो. मावशी डाव्या हातानं धार काढत होती. कोपऱ्यावरून एक माणूस आत आला. पोट सुटलेलं, केस विरळ, हातात रेक्झिनची बॅग. डावा खांदा झुकलेला. मी ओळखायच्या आत मावशी उठली होती.

तिनं भरलेली चरवी फेकली. ती त्याच्या कपाळावर बसली. दूध आणि रक्त मिळून त्याच्या सदऱ्यावर गुलाबी उतरलं. मग ती त्याच्यावर गेली. डाव्या हातानं, उजव्या हातानं, वाकड्या अंगठ्यासकट, थोबाडीत, पाठीत, डोक्यात. तोंडानं काय बोलत होती ते कुणाला कळलं नाही. शिव्या नव्हत्या, हे नक्की. शिव्या आम्हाला ओळखू आल्या असत्या. अध्यक्ष धावत आला आणि मधे पडायच्या आधी त्यानं आपल्या खांद्यावर हात ठेवला, मग नाहीच पडला. तो माणूस उभा होता. हात खाली, बॅग हातातच. त्या पाडव्याला उभा होता तसाच.

मावशी दमली. म्हातारी झाली होती, लवकर दमली. चाचा तोवर फार थकला होता, तरी समोरनं पाण्याचा तांब्या घेऊन आला. मावशी तुरबतीच्या कट्ट्यावर बसली. पोरगा तिच्या शेजारी बसला, मधे हातभर जागा सोडून. कपाळातलं रक्त तो बाहीनं पुसत होता.

मावशीनं उजवा हात त्याच्यापुढं धरला. तो आत फिरलेला अंगठा. मग मान वर करून बोर्ड दाखवला. डांबरातला दुप्पट 'तुर', पावसानं ओघळलेला.

"कोण पुसाय आलंतं," ती म्हणाली. "मी पुसू दिलं न्हाय. सापडावं म्हणून." दम लागत होता, तरी हसत होती. मावशीला हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. "स्टँडवर इचारलंस न्हवं? सांगितली न्हवं गल्ली रिक्षावाल्यानं? समदे शिकवून ठेवल्यात मी."

पोरानं बोर्डाकडं बघितलं. मग बॅग मांडीवर घेतली.

"कशाला इचारू?" तो म्हणाला. "रस्ता म्हाईतच हुता की."